आजार डॉक्टरचा, ऋतू अब्बासभाईंचा

ऑगस्टचा पहिला आठवडा संपत आलेला असतो. सौदीतल्या यान्बूत पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतो, गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायचा तर फडकं लागतं. अशाच एखाद्या सकाळी आमच्या दाराची बेल वाजते आणि दारात अब्बासभाई परकार उभे असतात. हातात पिशवी, पिशवीत दोन नासपती, आणि चेहऱ्यावर गावात दवंडी पिटायला निघालेल्या माणसाचं गांभीर्य.

"पाटणकर साहेब, पानगळ सुरू झाली."

पहिल्या वर्षी मी खरोखर गॅलरीत जाऊन खाली बघितलं होतं. खाली कंपनीने लावलेली चार खजुराची झाडं होती आणि ती जन्मात कधी पान गाळतील असं वाटत नव्हतं. माझी मुलगी सई तेव्हा आठ वर्षांची होती. तिने मोबाइलवर तापमान बघितलं आणि म्हणाली, "अंकल, इट्स फॉर्टी फोर डिग्रीज!"

"ते बाहेर, बेटा," अब्बासभाई म्हणाले. "ऋतू बाहेर नसतो. ऋतू अंगात असतो. बाहेर समजेपर्यंत उशीर झालेला असतो."

मग त्यांनी माझ्या बायकोला, मेधाला, नासपती कशी उकडायची ते सांगितलं. वरचा भाग टोपीसारखा कापायचा, आतला गर थोडा काढायचा, मधाचे चार थेंब घालायचे, टोपी परत लावायची आणि वाफवायची. दोन महिने, एक दिवसाआड. फुफ्फुसं कोरडी पडायचा मोसम आला, त्यांना ओलावा पाहिजे. मेधाने मान डोलावली आणि दुपारी त्या नासपती सईने मीठ-मसाला लावून कच्च्याच खाल्ल्या. अब्बासभाईंना हे आम्ही आजवर सांगितलेलं नाही.

अब्बासभाई आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. गाव दापोलीजवळ, खाडीकाठी. वय अठ्ठावन्न. सौदीत येऊन तीस वर्षं होत आली, आणि त्यातली बरीचशी ज्या कारखान्यात मी मेंटेनन्स इंजिनिअर आहे तिथल्या टूल रूमच्या खिडकीमागे गेली. पाना, पक्कड, टॉर्क रेंच, जे काय लागेल ते त्यांच्या खिडकीतून घ्यायचं आणि सही करायची. पण सही करण्याआधी आणखी एक काम असतं.

"जीभ दाखवा."

जिभेवर पांढरा थर आहे का, कडा लाल आहेत का, मधे भेग आहे का, हे बघूनच ते हत्यार देतात. थर जाड दिसला तर, "बर्फ घातलेलं पेय प्यालास ना काल? पोटातली चूल विझवलीस." सकाळी सात वाजता त्या खिडकीसमोर फिलिपिनो, पाकिस्तानी, बंगाली, मल्याळी असे वीस-पंचवीस बाप्ये हेल्मेट घालून, जीभ बाहेर काढून रांगेत उभे असतात. एकदा नवा सेफ्टी ऑफिसर आला. कंपनीने काहीतरी नवी तपासणी सुरू केली असं समजून बिचारा स्वतःही रांगेत लागला आणि त्याने जीभ दाखवली. त्याला त्या दिवशी लवकर झोपण्याचा सल्ला मिळाला.

ही सगळी चिनी विद्या. चिनी पद्धतीत ऋतू पाच. वसंत यकृताचा, उन्हाळा हृदयाचा, उन्हाळ्याची शेपटी पोटाची, पानगळ फुफ्फुसांची आणि हिवाळा मूत्रपिंडांचा. शिवाय दर पंधरा दिवसांनी मोसम एकेक पाऊल पुढे सरकतो, असे वर्षाचे चोवीस तुकडे. अब्बासभाईंकडे एक जाडजूड वही आहे. मराठी शाळेतलं वळणदार अक्षर, निळी शाई, आणि त्यात या चोवीस तुकड्यांमध्ये काय खावं, काय टाळावं, किती वाजता उठावं, कुठे दाबावं, हे सगळं लिहिलेलं. यान्बूला ऋतू दोनच, एसी चालू आणि एसी जोरात चालू, हे मी त्यांना अनेकदा सांगून पाहिलं. त्यांचं म्हणणं, म्हणूनच इथे माणसं लवकर पडतात. हवा सांगत नाही तेव्हा तारखेने सावध व्हावं लागतं.

आणि सावध व्हायचं म्हणजे काय, तर मार्चमध्ये आम्ही घामाने निथळत असताना हे स्वेटरमध्ये. वसंतात कपडे सावकाश उतरवायचे, शरीराला फसवायचं नाही. याउलट डिसेंबरमध्ये समुद्रावरून बोचरा वारा सुटतो, वाळवंटातली थंडी हाडात शिरते, तेव्हा आम्ही जॅकेटं चढवायला लागलो की हे साध्या शर्टात. पानगळ संपली की अंगाला थोडी थंडी चाखू द्यायची असते म्हणे. एवंच, वर्षातले निदान चार महिने अब्बासभाई आणि बाकीचं यान्बू यांच्यात कपड्यांच्या बाबतीत एकमत नसतं.

गरम पाणी तर बाराही महिने. त्यांचा थर्मास त्यांच्या आधी जागेवर पोचतो. कोणाचा राग, कोणाची चिडचिड हेही त्यांच्या लेखी मोसमाचंच. आमचे मुदीर, म्हणजे खात्याचे साहेब, अबू फहद. ते एका मार्चमध्ये सगळ्यांवर इतके उखडले होते की दोघांनी राजीनामा लिहून ठेवला होता. अब्बासभाई शांतपणे म्हणाले, "त्यांचा दोष नाय. यकृताचा मोसम हाय." आणि शेवंतीच्या सुक्या फुलांचा चहा घेऊन सरळ त्यांच्या केबिनमध्ये गेले. आम्ही श्वास रोखून बाहेर. दहा मिनिटांनी रिकामा कप घेऊन बाहेर आले. तेव्हापासून दर पंधरवड्याला मुदीर स्वतः टूल रूमवर डोकावतात आणि विचारतात, "अब्बास, आता कोणता मोसम?"

पण या माणसाची एक गोष्ट मला सुरुवातीपासून खटकत होती. एवढी विद्या, एवढी वही, आणि कोणाला खरोखर बरं नसलं की अब्बासभाई हात वर करायचे. ताप शंभराच्या वर गेला, छातीत दुखतंय असं कोणी म्हटलं, की ना आलं ना नासपती. किल्ली उचलायची, माणसाला गाडीत घालायचं आणि थेट दवाखाना. नुसतं सोडून यायचं नाही, आत डॉक्टरसमोर बसायचं. माणूस "नको, होईल बरं" म्हणाला की त्याच्यावर डोळे वटारायचे.

"आजार डॉक्टरचा, ऋतू माझा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी चेष्टा करायचो. "अब्बासभाई, दुकान तुमचं आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवता. हा कसला धंदा?" ते हसायचे आणि थर्मासचं झाकण फिरवत बसायचे. मी इंजिनिअर माणूस. ज्याचा स्वतःच्या औषधावर विश्वास नाही त्याचं औषध कशाला घ्या, असं मी घरी मेधाला म्हणायचो, आणि माझं हे म्हणणं मला फार हुशारीचं वाटायचं.

ही विद्या त्यांना मिळाली ती एका शटडाउनमध्ये. कारखाना वर्षातून एकदा बंद ठेवून सगळी यंत्रं उघडतात, तेव्हा बाहेरून शेकडो माणसं येतात. तशाच एका चिनी कंत्राटदाराबरोबर चेन नावाचा वयस्क फोरमन आला होता. त्याला चिनीशिवाय काही येत नव्हतं, आणि अब्बासभाईंना चिनी सोडून बाकी सगळं थोडं थोडं येत होतं. दोघं टूल रूमच्या मागे रिकाम्या खोक्यांवर बसायचे आणि पुठ्ठ्यावर खडूने फुफ्फुसं, मूत्रपिंडं, मुळे, नासपती असं काय काय काढत राहायचे. दीड महिना ही शाळा चालली. जाताना चेनने त्यांना सुक्या संत्रासालींचा डबा दिला. एवढंच मला माहीत होतं, आणि मी ते पाहुण्यांना रंगवून सांगायचो.

गेल्या ऑक्टोबरपर्यंत.

कामावरून घरी येताना आम्ही एकाच गाडीतून येतो. गाडी मी चालवतो, अब्बासभाई शेजारी. त्या दिवशी हवेत धूळ होती, सूर्य पितळी दिसत होता. नाशिकहून आईचा फोन आला. माझी आई नाशिकला एकटी राहते. बहीण पुण्याला, मी इथे. फोन स्पीकरवर होता. नवरात्रात शेजारणीने आणलेल्या साडीबद्दल आई सांगत होती आणि दर दोन वाक्यांनंतर खोकत होती.

"खोकला अजून आहे का गं?"

"आहे थोडा. दोन आठवडे झाले. जाईल."

"ऋतू बदलतोय ना. हवा बदलली की होतंच. रात्री हळद-दूध घे."

"घेते हो. तू सांगितलंस ना, मग घेते."

फोन ठेवला. मी आरशात बघून लेन बदलली. अब्बासभाई काही बोलले नाहीत. एरवी खोकला म्हटल्यावर मुळ्यावर पाच मिनिटं तरी ऐकावं लागलं असतं. मग एकदम म्हणाले, "गाडी बाजूला घे."

गेल्या सहा वर्षांत अब्बासभाई मला कधी अरे-तुरे बोलले नव्हते. मी गाडी बाजूला घेतली.

"परत लाव फोन. विचार, रात्री आडवी झोपते का बसून?"

"अहो अब्बासभाई, नेहमीचा खोकला..."

"फोन लाव, पाटणकर!"

आवाज चढला होता. मी फोन लावला. आईला विचारलं. ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "आडवं झालं की कोंडल्यासारखं होतं रे. पाठीला तक्क्या घेऊन बसते. चार दिवस झाले. तुला उगाच काळजी नको म्हणून बोलले नाही."

अब्बासभाई फोनवर वाकून म्हणाले, "आई, सलाम. मी अब्बास. तुमच्या शेजारी कोण राहतं?"

शेजारी देवरे काका राहतात. मी त्यांना फोन केला. देवरे काकांनी अर्ध्या तासात आईला रिक्षात घालून रुग्णालयात नेलं. एक्सरे निघाला. न्यूमोनिया, दोन्ही बाजूंनी. रक्तातला ऑक्सिजन इतका खाली होता की तिथल्या डॉक्टरांनी देवरे काकांना विचारलं, यांचे घरचे कुठे असतात. हे सगळं होईपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेलाच होतो. ट्रेलर शेजारून गेला की गाडी हलायची.

तेव्हा अब्बासभाई बोलले.

"माझ्या झुबेदाला मी हेच सांगितलं होतं. ह्याच शब्दांत. हवा बदलली की होतंच."

मला एवढंच ठाऊक होतं की त्यांची बायको वारलेली आहे. कशाने, कधी, मी विचारलं नव्हतं.

"अकरा वर्षं झाली. असाच मोसम. पाऊस सरलेला, भात पिवळा पडत आलेला, दुपारी ऊन नि पहाटे दव. ती फोनवर खोकायची. मी म्हणायचो, आल्याचा काढा घे. तीन आठवडे हेच. माझी भैन तिला म्हणाली, चल, दापोलीला डॉक्टरला दाखवू. तर म्हणाली, ह्यांनी सांगितलंय, होतंच म्हणून. आमच्याकडे सौदीवाल्याचा शब्द म्हणजे काय असतो, तुम्हाला ठाऊक नाय. घराचा रंग मी इथून सांगायचो, विहीर कुठं खणायची ते मी इथून सांगायचो. मग खोकलाही माझ्याच सांगण्यावर."

मी गाडीचं इंजिन बंद केलं.

"मी पोचलो तेव्हा कबरीवरची माती सुकली होती. परत आलो तर शटडाउन. हा चेन कुठून तरी आला आणि माझ्याकडं बघत बसला. त्याला कोणी सांगितलं होतं की काय, माहीत नाय. त्यानं पुठ्ठ्यावर दोन फुफ्फुसं काढली, नि त्यांच्यात डोळा काढला, नि डोळ्यातून पाणी. पानगळीत माणसाचं दुःख फुफ्फुसात जाऊन बसतं, असं त्याला म्हणायचं होतं. दुसऱ्या दिवशी नासपती उकडून आणली. मी तीस दिवसांत पहिल्यांदा पोटभर खाल्लं." ते थांबले. "मला वाटायचं, हे आधी ठाऊक असतं तर. मग कळलं, ठाऊक असतं तरी मी फोनवर तिला नासपतीच सांगितली असती."

मी ज्या वाक्याची सहा वर्षं चेष्टा करत होतो त्याचा अर्थ मला त्या धुळीत, गाडीत बसून कळला. लाज वाटली. त्याहून जास्त आईची भीती वाटत होती, त्यामुळे लाज नंतर बघू म्हणून मी गाडी सुरू केली.

आता प्रश्न रजेचा. शटडाउनची तयारी सुरू झाली होती आणि अशा दिवसांत आमच्या सेक्शनमधून एका वेळी एकच माणूस सुट्टीवर जाऊ शकतो, हा मुदीरचा नियम. आणि त्या वेळची जागा अब्बासभाईंची होती. तीन दिवसांनी त्यांचं विमान होतं. तिकीट, जाऊन परत येण्याचा व्हिसा, सगळं तयार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुदीरच्या केबिनबाहेर शब्द जुळवत उभा होतो, तर अब्बासभाई आतून बाहेर आले.

"माझ्या जागी तुम्ही जा. त्यांना सांगितलंय. मुदीर म्हणाले, माफी मुश्किला, काय अडचण नाय."

"आणि तुमची रजा?"

"तुम्ही आल्यावर जाईन. माझं काय एवढं."

मी त्यांचा हात हातात घेतला, आभार मानले आणि तिकीट काढायला पळालो. दर वर्षी मे महिन्यात जाणारा माणूस या वर्षी ऑक्टोबरमध्ये का जात होता, हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नाही. ज्याची स्वतःची आई ऑक्सिजनवर असते त्याला दुसऱ्याचं कॅलेंडर दिसत नाही, असं मी नंतर स्वतःला समजावलं. पण विचारायला हवं होतं, हे खरंच आहे.

नाशिकमध्ये आई अकरा दिवस रुग्णालयात होती. पहिले चार वाईट गेले. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस घरी राहिल्या असत्या तर सांगता आलं नसतं. अब्बासभाईंचा रोज संध्याकाळी फोन यायचा. आईची चौकशी दोन वाक्यांत संपायची, डॉक्टर काय म्हणाले आणि ते जे म्हणाले ते तुम्ही करताय ना. पुढचा सगळा वेळ माझ्यासाठी. "त्यांना बघायला डॉक्टर हायत. तुम्ही दिवसरात्र खुर्चीत बसता. पाय गरम ठेवा. फ्रिजमधलं पाणी पिऊ नका. रात्री आलं खाऊ नका." रुग्णालयाच्या कँटीनमध्ये मी गरम पाणी मागायला लागलो तेव्हा माझी बहीण माझ्याकडे बघतच राहिली.

सहाव्या दिवशी मेधाचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"अब्बासभाईंची रजा कशासाठी होती, तुला ठाऊक आहे? नसरीनचं बाळंतपण होतं."

नसरीन त्यांची धाकटी. आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची होती, आत्याने वाढवली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती आणि तिच्या आईबापांतलं उरलं होतं एकच माणूस, ते इथे टूल रूममध्ये. दोन भाऊ कुवेतला. "या वेळी मी असेन," असं अब्बासभाईंनी तिला कबूल केलं होतं. आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण पोरगी पोटुशी असल्याची बातमी आधी बाहेर सांगितली तर नजर लागते असं त्यांच्याकडे मानतात. मेधाला हे कळलं ते त्यांच्या खोलीत राहणाऱ्या माणसाकडून, बाळ झाल्यावर.

मी जिन्यात जाऊन फोन लावला.

"झाला," अब्बासभाई म्हणाले. "मुलगा. पावणेतीन किलो. दोघं बरी हायत, अल्लाचा शुक्र हाय."

"तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही गेला असतात काय?"

गेलो असतो, असं वाटतं, आणि मग पुढचा विचार करवत नाही.

पंधराव्या दिवशी मी परत आलो. आई घरी आली होती, बहीण तिच्याजवळ राहिली. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी अब्बासभाईंना घेऊन जेद्दाला निघालो. मुंबईचं विमान तिथून होतं. एका बाजूला समुद्र, एका बाजूला वाळू, आणि शेजारी तोंड मिटून बसलेला माणूस. वही त्यांनी बरोबर घेतली नव्हती. थर्मास होता.

"नसरीन फोन घेत नाय," शंभरेक किलोमीटर गेल्यावर ते म्हणाले. "बाळाचा फोटो भैनीनं पाठवला."

"तिला नीट सांगा ना, काय झालं ते. मी बोलू का?"

"काय सांगू? तुझ्या आईसाठी आलो नाय, नि दुसऱ्याच्या आईसाठी थांबलो?"

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, माझी आई खोकायची तेव्हा मी काय करायचो. मी सांगितलं. तिला पुढे वाकवून बसवायचो, पाठीवरून हात फिरवायचो, खोकला थांबला की पाणी द्यायचो, मग ती हात धरून ठेवायची. ते प्रत्येक गोष्ट पुन्हा विचारत होते. हात कुठून कुठपर्यंत? किती वेळ? पाठ गरम लागायची काय? या माणसाने शंभर जणांच्या जिभा तपासल्या होत्या, पण आपल्या माणसाच्या खोकल्याशी त्यांची गाठ नेहमी फोनवरच पडली होती.

जेद्दात पोचल्यावर त्यांना अल अझीझियाच्या बाजारात थांबायचं होतं. तिथून त्यांनी बाळासाठी ब्लँकेट घेतलं. मऊ, पिवळं. दुकानदाराने निळं दाखवलं होतं. यांनी बोटांनी चोळून, उलटं करून, गालाला लावून हेच निवडलं. मग शेजारच्या दुकानातून खजुराची पाकिटं घेतली. विमानतळाच्या पार्किंगमध्ये गाडी लावली तर ते उतरेनात.

"पाटणकर साहेब, एक विचारू? हसू नका."

"विचारा ना."

"लहान पोर उचलतात कसं?"

मला आधी कळलंच नाही.

"माझी तिघं," ते म्हणाले. "मोठा मी बघितला तेव्हा नऊ महिन्यांचा होता. मधला अकरा. नसरीन तर चालत दारात आली होती, मला बघून रडली. एवढंसं पोर मी हातात घेतलेलं नाय कधी. पोरगी आधीच रागावलेली. त्यात मला नीट धरता आलं नाय तर ती देणारच नाय माझ्याकडं."

मी हसलो नाही. मी पिवळं ब्लँकेट पिशवीतून काढलं आणि गुंडाळी केली. सई झाली तेव्हा मी नाशिकला होतो, रजा काढून गेलो होतो. त्यामुळे निदान ही एक गोष्ट मला त्यांच्यापेक्षा जास्त येत होती. एक हात डोक्याखाली, एक कमरेखाली. मग हळूच छातीशी. उचलताना आपण वाकायचं, बाळाला ओढायचं नाही. त्यांनी दोनदा करून बघितलं आणि नाराज झाले.

"हे हलकं हाय. हातात काय कळत नाय. वजन पाहिजे."

मग अर्ध्या किलोची खजुराची पाकिटं मोजून ब्लँकेटात घातली. पाचाने भागेना. "दहा दिवसांचा झाला, दूध पितो. तीन धरा," म्हणून सहावं घातलं. नंतर पार्किंगच्या उन्हात, दोन गाड्यांच्या मधे, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस ते गाठोडं घेऊन उभा राहिला. उचल, छातीशी घे, दुसऱ्या हातात दे, खाली ठेव. मी आत्या झालो, मग नसरीन झालो, त्यांच्याकडून बाळ घेतलं, परत दिलं. शेजारच्या गाडीतलं इजिप्तचं एक मिसरी कुटुंब आमच्याकडे बघत होतं. ते काय समजले असतील ते असो.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी गाठोडं एका हातावर तोललं, अगदी मी सांगितल्याप्रमाणे, आणि दुसऱ्या हाताने फोन माझ्यासमोर धरला. डोळ्यांवर चष्मा नव्हता. मेसेज नसरीनचा होता. मी वाचून दाखवला. "अब्बा, याचं नाव अजून ठेवलेलं नाही. सगळे विचारतायत."

त्यांनी तो मला पुन्हा वाचायला लावला. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा लावून स्वतः वाचला. फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "चला, उशीर होतोय."

आत काउंटरवर एक सौदी मुलगी होती. मोठी बॅग पट्ट्यावर गेली. मग तिने हातातल्या सामानाकडे बोट केलं. अब्बासभाईंनी थर्मासची पिशवी ठेवली. तिने ब्लँकेटकडेही बोट केलं आणि म्हणाली, "धिस ऑल्सो." कुठल्याही प्रवाशाने ते गाठोडं काट्यावर टाकलं असतं. अब्बासभाई वाकले. एक हात वरच्या टोकाखाली, एक हात मधे, असं त्यांनी ते सावकाश काट्यावर टेकवलं. आकडा तीन किलो शंभर ग्रॅमवर येऊन थांबला. मुलीने मान हलवली, झालं म्हणून. अब्बासभाईंनी हात काढले नव्हते.